नकाराची तालीम

बाई गल्लीतल्या सांडाशी अहो-जाहो करत आणि कॉलेजातल्या कारकुनाशी अरे-तुरे. काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत एखादं धूड आडवं उभं असलं, की आम्ही भिंतीला पाठ लावून शिंगं चुकवत निघत असू. बाई थांबत, छत्री काखेत धरत आणि म्हणत, "अहो, जरा सरकता का? उशीर होतोय आम्हाला." नवल असं, की बहुतेक वेळा तो सरके. कारकून मात्र सहसा सरकत नसे. म्हणून बाईंची सगळी शाळा कारकुनासाठी होती.

ती शाळा ब्रह्माघाटाजवळ एका बंद पडलेल्या पाठशाळेच्या वरच्या खोलीत भरे. दुपारी. बाई मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, सत्तरीच्या घरातल्या. शिकायला येणारे आम्ही सगळे वयानं वाढलेले: कुणी नाव चालवणाऱ्याची बायको, कुणी साडीच्या दुकानात घड्या घालणारा, कुणी दवाखान्यात फरशी पुसणारी. ओपन स्कूलची दहावी-बारावी करायची आणि पुढं कॉलेजात, नाहीतर कामाचं काही शिकवणाऱ्या संस्थेत जायचं, एवढ्यासाठी यायचो. गणित-विज्ञान शिकवायला दोन निवृत्त मास्तर येत. बाई विषय शिकवत नसत. बाई खिडकी शिकवत.

खिडकी म्हणजे खरीच खिडकी. कुठल्यातरी पाडलेल्या घराची गजांची चौकट त्यांनी उचलून आणली होती. ती टेबलावर उभी करायची, पलीकडे बाई बसायच्या आणि कारकून व्हायच्या. नाकावर चष्मा ओढायचा, तोंड वाकडं करायचं.

"क्या है?"

"जी, दाखिले के लिए..."

"लंच है. कल आना."

इथं आमच्यातलं कुणी हात जोडले, की बाई छत्रीनं गजांवर फटका मारत. "हात खाली! देवळात आलायस का?" कुणी 'गरीब आहे, मेहरबानी करा' म्हटलं, की पुन्हा फटका. नाव सांगायचं, काम सांगायचं, आणि विचारायचं, की कल किती वाजता आणि कुणाला भेटू? उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही. बास. पण हे एवढंसं करताना मोठमोठ्या माणसांना घाम फुटे. ती फरशी पुसणारी तर पहिल्या दिवशी रडली. बाई खिडकीतून म्हणाल्या, "रडून झालं, की परत विचार. मी इथंच आहे. खरा कारकून नसेल."

'वय' हा शब्द वर्गात बंद होता. 'अब इस उम्र में' असं जो म्हणेल त्यानं खालच्या नळावरून माठ भरून आणायचा. जिना इतका उभा, की एकदा माठ भरून आणलेला माणूस पुन्हा आपल्या वयाचा उल्लेख करत नसे.

आणखी एक त्यांचं खूळ होतं. प्रवेश सुरू व्हायच्या कितीतरी आधी त्या आम्हाला कॉलेज बघायला नेत. बघायला म्हणजे काय, तर आधी संडास शोधायचा, मग पिण्याचं पाणी, मग कँटीनमध्ये बसून समोसा खायचा आणि परत यायचं. कुणाला भेटायचं नाही, काही विचारायचं नाही. "जिथं आपण खाल्लंय त्या जागेची भीती वाटत नाही," असं त्यांचं म्हणणं. पोरं आमच्याकडे बघत. बाई त्यांच्याकडे रोखून बघत, आणि पोरं मान फिरवत.

मी तिथं कसा गेलो, ते सांगायला हवं. आमचं घर दुर्गाघाटावरचं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे, हा पिढीजात व्यवसाय. मला लहानपणीच वेदपाठशाळेत घातलेलं, त्यामुळे शाळेचा कागद असा एकही नव्हता. रुद्र पाठ, श्राद्धप्रयोग पाठ. पण माझा जीव लहानपणापासून तारांत. गल्लीतला पंखा, मंदिराचा भोंगा, कुणाची पाण्याची मोटर. जे बिघडेल ते मी उघडून बसे. टाळेबंदीत यात्रेकरू बंद झाले. माझे वडील, अप्पा, रोज अंघोळ करून, गंध लावून रिकाम्या पायऱ्यांवर जाऊन बसत आणि दुपारी परत येत. त्यांना तसं बसलेलं बघणं मला सोसेना. पुढं यात्रेकरू परत आले, पण माझ्या मनातलं गेलं नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकायचं, त्यासाठी दहावी. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अप्पांना?" मी म्हटलं, "इम्तिहान होऊ दे."

परीक्षा झाली, पास झालो, तरी सांगितलं नाही. दुपारी घाटावरून घरी न येता मी कुठं जातो, हे विचारायची वेळ येऊ नये म्हणून रोज काही ना काही निमित्त काढत होतो. शिंदे घाटावर कुणाला तरी भेटायचंय, चौकातून दर्भ आणायचाय. घरात अप्पांच्या खडावा वाजल्या, की पुस्तक उशीखाली जाई. छत्तीस वर्षांचा बाप्या मी, बापाच्या पावलांनी दचकत होतो.

घात समोशानं केला. बाईंनी आम्हाला आयटीआय बघायला नेलं त्या दिवशी अप्पांच्या ओळखीचे एक पंडित त्याच रस्त्यानं चालले होते. त्यांनी कँटीनमध्ये मला पाहिलं आणि घाटावर येऊन सांगितलं, "तुमचे चिरंजीव एका म्हातारीबरोबर पोरांच्या कॉलेजात समोसे खात बसलेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गात खिडकीसमोर उभा होतो. पलीकडे बाई. जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, मधे थांबत. मी ती ओळखली. अप्पा दारात आले. खांद्यावर उपरणं, धाप लागलेली, डोळे लाल.

"घरी चल," ते म्हणाले.

मी बाईंकडे बघितलं. बाई खुर्चीवरून उठल्या, टेबलामागून बाहेर आल्या.

"गुरुजी, चपला बाहेर काढल्यात. म्हणजे आत येणार आहात. या, बसा."

"मी बसायला आलो नाही. तुम्ही माझ्या घरात आग लावलीत, बाई. ह्याला बारा पिढ्यांचं काम आहे. हा तारा जोडत फिरणार?"

"म्हणजे तुम्ही नाही म्हणायला आलात."

"हो!"

"मग बसून म्हणा." बाईंनी आपली खुर्ची पुढं केली. खिडकीच्या पलीकडची. "ह्याला नकार ऐकायची तालीम चाललीये. माझा नकार आता ह्याला पाठ झालाय, काही उपयोग होत नाही त्याचा. तुमचा खरा आहे. इथं बसा, ह्याला विचारायचं ते विचारा आणि नाही म्हणा."

मला वाटलं, आता अप्पा खिडकी उचलून फेकणार. त्यांनी एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काय वाटलं त्यांना कोण जाणे. कदाचित जिना चढून पाय भरून आले असतील. ते बसले. गजांमागे त्यांचं तोंड मला अर्धंच दिसत होतं.

"नाव?" ते म्हणाले.

ज्यांनी ठेवलं त्यांनाच मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. मधे त्यांचं नाव आलं तेव्हा माझा आवाज फाटला.

"काम?"

"भिक्षुकी."

"मग इथं कशाला?"

"वीजकाम शिकायचंय."

"या वयात?"

बाईंची नजर माठाकडे गेली.

"हो," मी म्हटलं.

"यजमानांचं कोण बघणार?"

"सकाळचं सगळं मी करीन. संकल्प, तर्पण, पिंड. मग निघीन. सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवस."

अप्पा पुढं वाकले. गजांना त्यांचं कपाळ टेकलं.

"हात करतील रे. आणि मन? हात पिंडावर आणि मन तारेवर. असलं श्राद्ध पितरांना पोचतं? सांग ना."

याचं उत्तर तालमीत नव्हतं. मी हात जोडायला गेलो. बाईंची छत्री उचललेली दिसली, हात खाली घेतले.

"मन आत्ताही तारेवरच असतं, अप्पा," मी म्हटलं. "पुष्कळ वर्षं झाली. लपवून लपवून थकलो. शिकायला गेलो तर कदाचित सकाळी तरी पिंडावर राहील."

अप्पांनी डोळे मिटले. मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला.

"खिडकी बंद," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

नावाड्याच्या बायकोनं मला स्टूल दिलं. बाई आपल्या खुर्चीवर परत बसल्या, चष्मा नाकावर ओढला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकच चूक. अप्पा म्हणालास. खिडकीपलीकडच्याला नातं लावायचं नाही."

घरी त्या दिवसापासून अबोला. अप्पा घाटावर मंत्रांपुरतं बोलत. 'पवित्रक घाल', 'पाणी सोड'. घरी आले, की भिंतीकडे तोंड करून पडत. मला त्यांनी अडवलं नाही, की जा म्हटलं नाही. ताटावर आम्ही समोरासमोर बसायचो आणि बायको दोघांच्या मधे आमटी वाढत जायची. भांडण असतं तर बरं, असं व्हायचं.

प्रवेशाच्या दिवशी मी तसाच गेलो. रांगेत माझ्या पुढंमागं मिसरूड न फुटलेली पोरं. मनात सगळं घोकत होतो: नाव, काम, कल किती वाजता, कुणाला भेटू. खिडकीशी पोचलो. आत एक तरुण मुलगी होती. तिनं वर पाहिलं, हसली आणि म्हणाली, "अंदर आ जाइए सर, बैठिए. पानी लेंगे?"

नकारासाठी एवढी कंबर कसलेली, त्यापुढं हे! मी हात जोडले, 'माफ कीजिए' म्हटलं, 'इस उम्र में' पण म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती बिचारी घाबरली. प्रवेश मिळाला, ते तिच्या भलेपणानं.

बाईंना सांगितलं, तर त्या खरंच अस्वस्थ झाल्या. "हे मी शिकवलंच नाही," म्हणाल्या. "कुणी चांगलं वागलं तर काय करायचं, हे शिकवलंच नाही मी." दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीत गोड व्हायला लागल्या. "आइए, बैठिए ना," असं म्हणून दात दाखवत. त्यांना ते इतकं अवघड जाई, की ती फरशी पुसणारी म्हणाली, "बहनजी, आप डाँटिए, वही ठीक है." पण त्यांनी सोडलं नाही. आठवड्यातून एक दिवस गोड कारकुनाचा ठरला.

आयटीआयचे पहिले दिवस वाईट गेले. मास्तर माझ्यापेक्षा लहान. पोरं मला पंडितजी म्हणत. पहाटे घाटावर, मग धावत-पळत गल्ली पार करून ऑटो, दिवसभर वर्कशॉप, घरी येऊन अबोला. एका सकाळी मास्तरांनी जिन्याच्या दिव्याचं काम दिलं. एक दिवा, दोन बटणं. खालूनही लागायला हवा, वरूनही विझायला हवा. असल्या दिव्यांचा मला सराव आहे, असं मी मनात म्हणत होतो. जोडला. खालचं बटण दाबलं, लागला. वरचं दाबलं, विझला. खालचं पुन्हा दाबलं, काहीच नाही. आणि एकाग्र झालं, की मी पुटपुटतो, जन्मभराची सवय. मागून एक पोरगा म्हणाला, "पंडितजी, मंतर से जलेगा क्या?"

सगळे हसले. मास्तरही हसले, वाईट मनानं नाही. पण माझ्या कानशिलांत काहीतरी तडकलं. पक्कड टेबलावर ठेवली, हात पुसले आणि जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर पडलो. परत न येण्यासाठी.

समोर चहाची टपरी होती. टपरीच्या बाकावर, छत्री गुडघ्यावर आडवी ठेवून, बाई बसल्या होत्या.

मी थबकलो. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं.

"मला वाटलं होतं, तू अजून आठवडाभर काढशील," त्या म्हणाल्या.

"तुम्ही इथं कशा?"

"दर वर्षी या दिवसांत बसते. आज इथं, उद्या नर्सिंगच्या तिथं. प्रवेश मिळाल्यावरच माणसं पळतात. चहा घे."

"बाई, मी परत जाणार नाही."

"मी कुठं म्हटलं जा? चहा घे. मग घरी सोडते तुला."

मला वाटलं होतं, त्या रागावतील. मी त्याचीच वाट बघत होतो. रागावल्या असत्या तर मलाही ओरडता आलं असतं. त्यांनी ई-रिक्षा थांबवली, आत बसल्या, सरकून मला जागा दिली. घरी जाऊन काय सांगणार होतो? अप्पा काही बोलणार नाहीत, नुसते बघतील. ते बघणं मला रिक्षातच दिसायला लागलं.

"काय झालं ते तरी सांग," बाई म्हणाल्या. "मला काही कळणार नाही, पण सांग."

मी सांगायला लागलो. दिवा, दोन बटणं. त्यांना कळेना, म्हणून तळहातावर बोटानं रेघा काढून दाखवायला लागलो. ही तार इथून येते, ह्या बटणात तीन जागा असतात, मधली कॉमन, कडेच्या दोन... आणि माझं बोट थांबलं. मधल्या जागी जायची तार मी कडेच्या जागी लावली होती. एवढंच. दिवा एकाच बाजूचं ऐकणार, नाहीतर काय करेल?

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"चूक सापडली."

बाई बाहेर बघत राहिल्या. रिक्षा पुढं चालली होती. चौक आला. डावीकडे आमच्या घाटाचा रस्ता. बाईंनी छत्रीची मूठ इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती. ते मला तेव्हा दिसलं, अर्थ पुढं कळला.

"भैया, गाड़ी घुमा लो," मी म्हटलं.

अर्थ कळला तो बाईंच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांकडून. बाई नोकरीत होत्या तेव्हा त्यांच्या कॉलेजात एक चपराशीण होती. बाईंनी तिला घरी शिकवून बारावी केलं. उत्तम पास झाली. पदवीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि पहिल्या दिवशी बाई घरी पेढे करून तिची वाट बघत बसल्या. ती गेटपर्यंत गेली, आतली पोरं-पोरी बघितली आणि तिथूनच गावी निघून गेली. पुन्हा दिसली नाही. "आपण तिला सगळं शिकवलं, गेटशी उभं नाही राहिलो," एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

त्या दुपारी परत जाऊन मी दिवा पुन्हा जोडला. दोन्हीकडून लागला, दोन्हीकडून विझला. पंडितजी म्हणणाऱ्या पोरानंच बटणं दाबून बघितली. पुढं तोच माझ्या डब्यातली पुरणपोळी हक्कानं खायला लागला.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळची आरती आटपून अप्पा ओसरीवर बसले होते. मी हात धुवायला गेलो. काळे पडलेले हात साबणानं निघेनात. मागून आवाज आला.

"काय केलंस आज?"

कितीतरी दिवसांनी मंत्राखेरीज बोललेले. मी जिन्याचा दिवा सांगितला. त्यांना कळला की नाही, माहीत नाही. थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

"उद्या नाशिकचे यजमान आहेत," ते म्हणाले. "त्यांना पहाटेच बोलावतो. तुला निघायला उशीर नको व्हायला."

एवढंच. त्यांना माझं जाणं पटलं, असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून यजमानांना वेळ देताना ते आधी मला विचारत.

मी पास झालो, एका हॉस्पिटलात देखभालीच्या कामाला लागलो. बाईंना सांगायला गेलो, तर त्या कुणा नव्या बाईला खिडकीत फैलावर घेत होत्या, मला म्हणाल्या, "दारात उभा राहू नकोस, उजेड अडतो."

मग त्यांचे गुडघे गेले. जिना होईना. पाठोपाठ नावं विसरायला लागल्या. नागपूरचा पुतण्या न्यायला आला, तेव्हा आम्हाला वाटलं, त्या छत्री उगारतील. पण मुकाट्यानं गेल्या. ते जास्त लागलं. वर्ग आता ती फरशी पुसणारी चालवते. ती नर्सिंग करून त्याच दवाखान्यात आहे. मी रविवारी जातो.

मागच्या वर्षी मी डिप्लोमाला नाव घातलं. नोकरी सांभाळून, थेट दुसऱ्या वर्षाला. कुणाला सांगावं, असं वाटलं तेव्हा पहिलं नाव बाईंचं आलं. नागपूरला फोन लावला. पुतण्या म्हणाला, "काकूला आता फारसं कुणी ओळखू येत नाही. बोलून बघा." त्यानं फोन त्यांच्या कानाला लावला.

"बाई, मी काशीहून बोलतोय," मी नाव सांगितलं. पलीकडे नुसता श्वास. मी घाटाचं नाव सांगितलं, अप्पांचं सांगितलं. काही नाही. मग म्हटलं, "मी डिप्लोमाला बसतोय, बाई."

"पास झालास?" आवाज अगदी पहिल्यासारखा.

"नाही बाई, परीक्षा व्हायचीये अजून."

"मग फोन कसले करतोस? अभ्यास कर," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.